ॲव्हरेज वाढवून मिळेल

आमच्या भोईवाड्यात गाडी चालवायला लागतं त्याहून जास्त पेट्रोल ती लावायला लागतं. एकीकडे कोर्ट, एकीकडे केईएम, वाडिया आणि टाटा ही इस्पितळं, पलीकडे नायगावच्या पोलीस लाइनी. या सगळ्यांच्या मधून जेरबाई वाडिया रोडवर जागा हुडकत फिरणारा माणूस ओळखीचं कोणी दिसलं की काच खाली करतो आणि 'काय, कसं काय' म्हणायच्या ऐवजी 'निघताय का?' असं विचारतो. कोणीच निघत नसतं. मग तो हिंदमाताच्या बाजूने आणखी एक वळसा घालतो.

असल्या मुलखात गाडीवाल्याला कोणी गाडीची किंमत विचारत नाही, वेग तर नाहीच. पहिला प्रश्न एकच: ॲव्हरेज किती? मारुतीवाल्यांनी या प्रश्नाची जाहिरातच केली होती, 'कितना देती है?' म्हणून. पण त्याचं खरं उत्तर देणारी माणसं फार थोडी. सतरा सांगणाऱ्याची गाडी बारा देत असते. आणि बारा सांगणाऱ्याला नवी गाडी घ्यायची असते व ते घरात कोणाच्या तरी कानावर घालायचं असतं.

तळमजल्यावरचे काका मात्र खरं सांगतात, तेही दशांश चिन्हानंतर दोन आकडे लावून. बँकेतून निवृत्त झालेले. गाडीच्या कप्प्यात एक लांबट वही. तिच्यात तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये आणि शेवटी 'शेरा' असा रकाना. २९ मे २०२१ला मुंबईत पेट्रोल शंभराच्या वर गेलं, त्या तारखेखाली लाल शाईची दुहेरी रेघ आहे. पुढच्या एप्रिलमध्ये भाव १२० रुपये ५१ पैशांवर पोचला, तिथे रेघ नाही, नुसतं उद्गारचिन्ह. १९७३ साली पेट्रोल कडाडलं तेव्हा अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. काकांनाही मनातून तसं काही करावंसं वाटत असेल, पण भोईवाड्यात बैलगाडी लावणार कुठे?

काकांचे पेट्रोल वाचवायचे स्वतःचे कायदे आहेत. पंपावर कधीही पाचशेचं टाकायचं नाही, पाचशेदहाचं टाकायचं. गोल आकड्याला मशीन 'सेट' केलेलं असतं. भरायचं ते पहाटे, कारण थंडीत पेट्रोल आकसतं आणि लिटरात जास्त बसतं. यातला आकसण्याचा भाग खरा आहे. एका अंशाला साधारण हजारात एक भाग. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिला पहाट-दुपार यांतला फरक फारसा कळत नाही. मापाची शंकाच असेल तर पंपावर पाच लिटरचं सरकारी शिक्क्याचं माप ठेवलेलं असतं आणि कोणीही गिऱ्हाईक ते मागून तपासू शकतं. हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, तिथे मागे रांग असते. उगाच कशाला तमाशा?" संशय घ्यायचा, पण चारचौघांत तपासायचा नाही, हा आमच्याकडचा सभ्यपणा.

अशा या काकांकडे मे महिन्यात पार्सलने एक डबी आली.

डबी काडेपेटीहून थोडी मोठी. स्टिअरिंगच्या खाली गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायची जागा असते, तिच्यात ती खोचायची. खोचली की निळा दिवा लुकलुकतो. खोक्यावर छापलं होतं की डबी तुमच्या गाडीचा स्वभाव शिकून घेते आणि न जळता वाया जाणारं पेट्रोल जाळून पस्तीस टक्के बचत करते.

"तुम्ही शाळेत सायन्स शिकवलंत. बघा जरा," काका म्हणाले. आवाजात विनंती नव्हती, आव्हान होतं.

मी बघितलं. चष्म्याच्या स्क्रू-ड्रायव्हरने डबी उघडली, तर आत एक छोटी पट्टी, एक दिवा, दिव्यापुरतं सर्किट आणि बरीच मोकळी हवा. गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलायच्या पिना होत्या, पण त्यांतल्या बहुतेक कशालाच जोडलेल्या नव्हत्या. ज्या दोन जोडलेल्या होत्या त्यांवर दिवा लागत होता. दिव्याला वीज बॅटरीची, बॅटरी चार्ज होते इंजिनावर आणि इंजिन चालतं पेट्रोलवर. म्हणजे हिशेबच करायचा तर डबी पेट्रोल खात होती, मुंगीच्या तोंडाने का होईना.

मग मी इंजिनाबद्दल सांगायला घेतलं. मास्तरकीची सवय. धडधाकट इंजिनात शंभरातले अठ्ठ्याण्णवहून जास्त भाग पेट्रोल जळतंच, तेव्हा 'न जळलेलं' वाचवायचं म्हटलं तरी वाचवणार किती? गळती आहे ती दुसरीकडे. शंभर रुपयांचं पेट्रोल टाकलं तर त्यातले फार तर पंचवीस-तीस रुपये चाकांपर्यंत जातात. बाकीचे रेडिएटर आणि सायलेन्सर यांच्या वाटे उष्णता होऊन मुंबईच्या हवेत जातात, आणि मुंबईच्या हवेला त्याची काही गरज नसते.

काकांनी हे फार लक्ष देऊन ऐकलं. म्हणाले, "म्हणजे सत्तर रुपये वाया जातात हे तुम्हीच कबूल करताय! मग ही बिचारी त्यातले पस्तीसच मागते."

विज्ञानाच्या शिक्षकाला असला विद्यार्थी एकदा तरी भेटतो. त्याला दिलेलं प्रत्येक खरं वाक्य तो विरुद्ध बाजूला नेऊन वापरतो.

आणि वहीत आकडे काकांच्या बाजूने होते. डबी लावल्यापासून लिटरमागे जवळजवळ एक किलोमीटर वाढ. पस्तीस टक्के नाही, पण नाही म्हणायला वाढ होती. मी वही मागून घेतली आणि रात्री चाळली. वाढ झाली होती मे महिन्यात. मे महिन्यात अर्धं परळ आणि पाऊण लालबाग कोकणात गावाला गेलेलं असतं, शाळा बंद, कोर्टाला सुट्टी. त्या दिवसांत दादर टीटीला सिग्नल हिरवा मिळतो. डबी लावा, नाहीतर लिंबू-मिरची लावा. जूनपासून पुढे आकडा उतरत गेला, पण तिथे 'शेरा' रकाना कामाला आला होता. 'हिंदमाताला पाणी, धरू नये.' 'लालबागची गर्दी, धरू नये.' 'जावईबापूंनी चालवली, धरू नये.' एसी लावून बाहेरगावी जाऊन आलेली एक टाकी होती, तीही हमरस्त्यावर चांगलं ॲव्हरेज देऊन गेली. तिच्यापुढे मात्र शेरा नव्हता.

त्यात आता टाकीतलं पेट्रोलही पूर्वीचं राहिलेलं नाही. वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं असतं, त्यातलं काही आपल्याच उसाचं, आणि इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलपेक्षा ताकद कमी. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातच लिहिलंय की जुन्या घडणीच्या चारचाकींचं ॲव्हरेज या मिश्रणाने सहा-सात टक्क्यांनी उतरू शकेल. म्हणजे खालचं पेट्रोल बदललं, वरचा रस्ता बदलला, मधला ड्रायव्हर बदलला, आणि यश गेलं डबीला.

ड्रायव्हर बदलला हे मी उगाच म्हणत नाही. काकांच्या शेजारी बसून मी एकदा माटुंग्यापर्यंत गेले. निळा दिवा त्यांच्या गुडघ्याच्या वर सारखा लुकलुकत होता. ॲक्सिलरेटर जोरात दाबला की काका एकदा दिव्याकडे बघायचे आणि पाय सैल सोडायचे. दिव्याला पायाशी काही देणंघेणं नव्हतं. तो आपला स्वतःच्या नादात लुकलुकत होता. पण काकांना तो ओरडतोय असं वाटायचं. लग्नाला चाळीसहून जास्त वर्षं झाली तरी काकूंचं 'हळू चालवा' त्यांनी कधी मनावर घेतलं नव्हतं. ते काम या चिनी दिव्याने महिन्याभरात केलं. काकू मागच्या सीटवरून म्हणाल्या, "पेट्रोल वाचो न वाचो, डबी राहू दे."

ही डबी काही पहिली नव्हे. तिचं घराणं मोठं आहे. माझ्या लहानपणी स्कूटरवाले कपाटातल्या डांबराच्या गोळ्या टाकीत सोडायचे. मग पेट्रोलच्या नळीला बांधायचं लोहचुंबक आलं; ते म्हणे पेट्रोलच्या कणांना शिस्तीत उभं करतं. पेट्रोल चुंबकाला दाद देत नाही हे आठवीच्या मुलाला पटतं, पण आठवीच्या मुलाला पेट्रोल भरावं लागत नाही. सिगरेट-लायटरच्या भोकात खोचायच्या डब्या आल्या, हवेच्या वाटेत बसवायच्या पंख्या आल्या. मग पाण्यातून हायड्रोजन काढून इंजिनाला पाजणाऱ्या बाटल्या आल्या. पाणी फोडायला लागते ती वीज इंजिनच पुरवतं आणि तो हायड्रोजन जाळून मिळतं ते तिच्याहून कमीच, ही गोष्ट बाटलीवाल्यांनी कधी मोठ्या टायपात छापली नाही.

अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने अशा शंभरावर वस्तू तपासल्या. फारच थोड्यांनी, तेही किंचितच, काही दाखवलं. बाकीच्यांनी पेट्रोल वाचवलं नाही, काहींनी तर धूर वाढवला. आपल्याकडे १९९६ साली तमिळनाडूच्या रामर पिल्लै यांनी पाल्यापासून पेट्रोल करून दाखवलं होतं, तेव्हा शास्त्रज्ञांपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळे हरखून गेले होते. मद्रासच्या आयआयटीत पुन्हा करून दाखवायची पाळी आली तेव्हा पाल्याची जादू चालली नाही, आणि २०१६ साली चेन्नईच्या कोर्टाने त्यांना तीन वर्षांची शिक्षा सुनावली. त्याच १९९६ साली ओहायोच्या एका कोर्टाने पाण्यावर मोटार चालवतो म्हणणाऱ्या स्टॅनले मेयरला फसवणुकीबद्दल दोषी धरलं. पाला काय, पाणी काय, दोन्ही फुकट मिळणारं. फुकटाचं पेट्रोल व्हावं ही आशा कुठल्याही देशात सारखीच.

इथे काकांचा हुकमी मुद्दा येतो. "तेल कंपन्या असले शोध दाबून टाकतात." हाही मुद्दा जुनाच. १९३०च्या दशकात कॅनडातल्या चार्ल्स पोग नावाच्या गृहस्थाने गॅलनला दोनशे मैल देणारा कार्ब्युरेटर केला म्हणून बोलबाला झाला. तो बाजारात कधी आला नाही, म्हणून तो दाबला गेला अशी समजूत आजवर टिकून आहे. पण आपल्याकडचा मामला बघा. मोठ्या तेल कंपन्या सरकारी. आपण लागतं त्यातलं ८५ टक्क्यांच्या वर तेल परदेशातून आणतो, डॉलर मोजून. आणि पेट्रोलियम मंत्रालयाच्याच पदराखाली १९७८पासून एक संस्था आहे, पीसीआरए, जिचं काम लोकांना 'तेल कमी जाळा' असं सांगत फिरणं. सिग्नलला इंजिन बंद करा, पंचेचाळीस-पंचावन्नच्या वेगाने चालवा, हे तिनेच सांगितलं. चार आण्यांच्या दिव्याने देशाचं एक तृतीयांश पेट्रोल वाचत असतं तर सरकारने ती डबी आरटीओत नंबरप्लेटसारखी सक्तीची केली असती, आणि तिच्यावर जीएसटीही लावला असता.

बरं, शोध लावणाऱ्याला खात्री असेल तर पुणं काय लांब आहे? वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था १९६६पासून उभी आहे. जाहिरातीतले ॲव्हरेजचे आकडे तिथून येतात. गाडी फिरत्या रोलरवर उभी करतात, चाकं फिरतात पण गाडी जागची हलत नाही, ठरलेल्या क्रमाने वेग वाढवतात, कमी करतात. समोर रिक्षा नाही, खड्डा नाही, 'निघताय का' नाही. म्हणून तो आकडा भोईवाड्यात कोणाला मिळत नाही हे खरं. पण डबी लावून एकदा आणि काढून एकदा, इतकं तिथे चोख कळेल. अर्धा टक्का वाचवायला मोटार कंपन्या पत्रा ग्रॅमाग्रॅमने पातळ करतात. पस्तीस टक्केवाल्याच्या दारात त्यांनी रांग लावली असती.

खरी बचत करणारी यंत्रं नव्हतीच असं नाही. पण त्यांची एक खूण असते: ती काहीतरी मागून घेतात. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा आपल्याकडच्या मोटारी कोळशाच्या गॅसवर धावल्या. पाठीमागे भट्टी बसवलेली. निघण्याआधी पंखा फिरवून कोळसा फुलवायचा, अंगभर काजळी घ्यायची, आणि चढ आला की उतारूंनी उतरायचं. पेट्रोल खरोखर वाचायचं, फक्त ते उतारूंच्या घामातून वाचायचं. नंतर या शतकाच्या सुरुवातीला उच्च न्यायालयाच्या आदेशांनी मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर आल्या. खर्च उतरला, हवाही थोडी सुधारली, पण सिलिंडरने डिकी खाल्ली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या त्या पद्मिनी टॅक्सींच्या टपावर कॅरिअर होते म्हणून बरं. गावाहून आलेल्या माणसाची वळकटी, पेटारा, फणस सगळं टपावर दोरीने बांधलं जायचं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली. तोवर पंपावरच्या गॅसच्या रांगेत तिने आयुष्याचा बराच भाग काढला असणार. डिकी द्या, रांगेत उभे राहा, मग बचत घ्या, असा तो रोखठोक व्यवहार. डबीला यातलं काहीच नको असतं, एकदाच काय ते पैसे.

आमच्या दुसऱ्या मजल्यावर एक टॅक्सीवाले आहेत, वडिलांच्या काळापासून टॅक्सीचा धंदा. शहरात पेट्रोल-गॅसचा हिशेब त्यांच्याइतका बारीक कोणी करत नसेल. एक किलोमीटर वाढला तर त्यांच्या घरात तो दिसतो. त्यांच्या टॅक्सीत साईबाबा आहेत, नातीचा फोटो आहे, डबी नाही. काकांनी त्यांना डबी दाखवली तेव्हा ते म्हणाले, "काका, याने वाचत असतं तर युनियनने वाटली असती." मग त्यांनी काकांच्या टायरवर एक लाथ मारून बघितली आणि हवा भरून घ्यायला सांगितलं. हवा कमी असली तर पेट्रोल जास्त जातं. पाऊंडामागे पाव टक्क्याहूनही कमी, पण काकांचे टायर बरेच पाऊंड उपाशी होते. लालबागच्या पुलावरून उतरताना न्यूट्रल करू नका, असंही ते म्हणाले. ते बरोबर होतं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला न्यूट्रल ठीक. आताच्या गाड्यांत गिअर ठेवून पाय नुसता उचलला की पेट्रोल पूर्ण बंद होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं जळतच राहतं. ब्रेकवरही ताबा राहतो. काकांनी दोन्ही ऐकून घेतलं आणि वहीत लिहिलं नाही. फुकटच्या सल्ल्याला वहीत रकाना नव्हता.

शेवटी मी म्हटलं, काका, आपण प्रयोगच करू. कसा करायचा ते शिकायला लांब जायला नको. आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. मुंबईत प्लेग आला तेव्हा डॉ. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या खोलीत लस तयार केली, १० जानेवारी १८९७ला आधी स्वतःला टोचून घेतली, आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना टोचली. बाकीचे तसेच राहिले. तोच तुरुंग, तेच जेवण, तेच उंदीर. मग मोजलं, तर न टोचलेल्यांत प्लेग बराच जास्त निघाला. १८९९मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली आणि १९२५पासून तिला त्यांचं नाव आहे. 'मला गुण आला' एवढ्यावर हाफकिन थांबले असते तर त्यांचीही एक डबीच झाली असती.

काकांना ही गोष्ट आवडली. परळचा अभिमान त्यांना पेट्रोलइतकाच प्यारा. वाडीत गाड्या सहा. मी योजना मांडली: तीन गाड्यांत खरी डबी, तीन गाड्यांत तशीच दिसणारी, दिवा लुकलुकणारी पण आत काही नसलेली. (खऱ्या डबीतही काही नव्हतं, पण ते त्या घटकेला बोलले नाही.) कोणाकडे कुठली ते फक्त मला माहीत. एक पावसाळा, एक गणपती, एक दिवाळी जाऊ द्यायची, शेऱ्याचा रकाना बंद, आणि मग सहा वह्या एकत्र मांडायच्या.

रविवारी सकाळी अंगणात गाडीवाले जमले. काकूंनी चहा केला. योजना सगळ्यांना पसंत पडली. एकाने तर शास्त्रीय दृष्टिकोनावर थोडं भाषणही केलं. मग चिठ्ठ्या काढायची वेळ आली तेव्हा काकांनी विचारलं, "म्हणजे माझ्या गाडीत खोटी डबी येऊ शकते?"

"येऊ शकते."

"आणि मला कळणार नाही?"

"कळलं तर प्रयोग फुकट जाईल."

काकांनी बराच वेळ कपातल्या चहाकडे बघितलं. मग म्हणाले, "प्रयोग जरूर करा, बाई. पण माझी आहे ती राहू दे. मधल्यामध्ये माझं ॲव्हरेज का उतरवता?"

त्यावर बाकीच्यांचीही चुळबुळ सुरू झाली. शास्त्रीय दृष्टिकोनवाल्यांना मुलीकडे नाशिकला जायचं होतं, त्यांना निदान तेवढ्यापुरती खरी हवी होती. तिसऱ्यांची गाडी आधीच जास्त पिते म्हणून त्यांचा हक्क पहिला. खोटी डबी घ्यायला सहांतलं कोणीच तयार होईना. सभा उठली तेव्हा दोघे जण काकांच्या मागोमाग त्यांच्या गाडीपाशी गेले, वाकून निळा दिवा बघितला, आणि पार्सल कुठून मागवायचं तो नंबर मोबाइलमध्ये उतरवून घेतला.